दादाच्या खोक्याचा ठसा

दादाचा खोका दोन जिने चढवायला तीन माणसं लागत, आणि त्यातलं एक माणूस पंचवीस वर्षं दादाच असल्यामुळे त्याची कंबर कामातून गेली. खोका म्हणजे गिटारचं कॅबिनेट. कमरेइतकी उंच लाकडी पेटी, आत चार स्पीकर, पुढे जाडसर काळं कापड. वजन बेचाळीस किलो. हॉटेलांत, सभागृहांत, एकदा तर बोटीवरसुद्धा दादा हे धूड घेऊन गेला होता. शेवटी घरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सांगितलं, "यापुढे हे उचललंस ना, तर माझ्याकडे येऊ नकोस. सरळ सुताराकडे जा."

खोक्याशिवाय वाजवायला दादा तयार नव्हता. दुसऱ्या कुठल्याही स्पीकरमधून आलेली गिटार त्याला परक्याची वाटे. आणि वाजवणं सुटलं तर हा माणूस वर्षभरात म्हातारा होईल, हे वहिनीला कळत होतं, धाकट्यालाही कळत होतं. त्यामुळे काहीतरी करणं धाकट्याकडे आलं.

धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ, सात वर्षांनी लहान. तो ज्या कंपनीत होता तिथे खऱ्या कॅबिनेटांची नक्कल संगणकात उतरवण्याचं काम चाले. बंद खोलीत कॅबिनेटमधून एक लांब शीळ सोडायची, खालच्या घरघरीपासून थेट कानाला न झेपणाऱ्या उंचीपर्यंत. समोरचा माइक ती टिपतो. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, यातल्या फरकावरून संगणक त्या कॅबिनेटचा ठसा काढतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी इवलीशी फाइल. ती तळहाताएवढ्या पेडलमध्ये, म्हणजे गिटारच्या वायरीला जोडायच्या डबीत, भरली की बेचाळीस किलो घरी ठेवायचे आणि पेडल पिशवीत टाकून निघायचं.

या कामात धाकट्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. केसाएवढा फरकही त्याला चालत नसे. लहानपणी तो दादाच्या आणि आपल्या ताटातल्या वड्या मोजून बघायचा, तेव्हापासून दादा त्याला फूटपट्टी म्हणे. कंपनीच्या मालकीणबाईंनी एकदा ते फोनवर ऐकलं, आणि मग ऑफिसातही त्याचं तेच नाव पडलं.

दादाचं मात्र सगळं दणक्यात. तिसऱ्या पायरीवर असताना चप्पल वाजायची, दुसऱ्या मजल्यावर खाकरणं ऐकू यायचं, आणि दार उघडायच्या आधी "अगं, चहा!" घरात शिरलेला असायचा. त्याच्याबरोबर सिनेमाला बसायची सोय नव्हती. वहिनी म्हणायची, "ह्यांना घरात शोधावं लागत नाही. हे आहेत ते खालच्यांनाही माहीत असतं."

मंगळवारी सकाळी अकराला खोका कंपनीच्या तळघरात आला. मोजणीच्या खोलीला भिंतींपासून छतापर्यंत करड्या फोमच्या पाचरी ठोकलेल्या होत्या. आत गेलं की स्वतःचा आवंढासुद्धा ऐकू यायचा. दारावर धाकट्यानंच लिहून चिकटवलेला कागद होता: शीळ चालू असताना आत कोणीही थांबायचं नाही. माणसाचं अंग आवाज पितं, श्वास, कपड्यांची सळसळ ठशात उतरते. गेल्या सहा वर्षांत हा नियम कुणी मोडला नव्हता.

"मी नाही बाहेर जाणार," दादा म्हणाला. तो खोक्याच्या कडेला स्टूल टाकून, पाठ लाकडाला टेकून बसलासुद्धा होता. "मी वाजवतो तेव्हा खोका मोकळा असतो का कधी? माझ्या पाठीला धरूनच वाजतो तो."

हे खरंच होतं. धाकट्यानं एक शीळ दादाला टेकवून सोडली, एक त्याला उठवून सोडली, आणि दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवले. खालच्या सुरांत दोन डेसिबलचा फरक दिसत होता. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. धाकट्याच्या डोक्यात मात्र तो घर करून बसला असता. नक्कल करायची ती दादाच्या आवाजाची, नुसत्या लाकडाची नव्हे, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि आपल्याच हातानं लिहिलेल्या कागदाकडे काणाडोळा केला. चूक झाली ती इथे.

शीळ बारा वेळा सोडायची असते. शेजारच्या खोलीत काचेमागे बसून, कानाला हेडफोन लावून धाकटा एकेक टिपत होता. दादा डोळे मिटून बसला होता. नवव्या वेळी त्याचे खांदे हलले, तोंड उघडलं. हेडफोनमध्ये शिळेखेरीज काही आलं नाही.

"मधे काही बोललास का रे?" काम आटोपल्यावर धाकट्यानं विचारलं.

"बोललो? चांगला दणकून खोकलो. म्हटलं, आता फूटपट्टी धावून येणार अंगावर." दादानं कानात बोट घालून हलवलं. "दडे बसलेत बघ. आणि पोटात कसंसंच झालं. लिफ्ट भसकन खाली जाते ना, तसं."

धाकट्यानं नववी शीळ पुन्हा ऐकली. वेगळी काढून ऐकली, आवाज वाढवून ऐकली. खोकला नव्हता. एवढ्या जवळच्या माइकला तो न सापडणं शक्य नव्हतं. पण बाराच्या बारा शिळा इतक्या स्वच्छ आल्या होत्या की तक्रार कुणाकडे करणार? बरंच झालं, असं म्हणून तो पुढच्या कामाला लागला.

पुढचं काम म्हणजे बाकी काढणं. खऱ्या खोक्यातून एक तुकडा वाजवून घ्यायचा, तोच तुकडा ठशातून काढायचा, मग एक उलटा करून दुसऱ्यात मिसळायचा. जे जे सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं. जे उरतं, ती बाकी. खऱ्याला जे जमलं आणि नकलेला जमलं नाही, ते सगळं त्या बाकीत ऐकू येतं. चांगल्यातल्या चांगल्या ठशाचीसुद्धा बाकी उरतेच: थोडी खरखर, थोडी कापडाची थरथर, लाकडाचा एखादा कण्हल्यासारखा आवाज. धाकट्याला या आवाजांची मनापासून आवड होती. आपलं पुढच्या वेळचं काम तिथे आहे, असं त्याला वाटे.

मंगळवारी संध्याकाळी दादाच्या ठशाची बाकी इतकी कमी आली की त्यानं बाईंना बोलावून दाखवली. बाईंनी तोंडात बोटं घातली. बुधवारी सकाळी, कशालाही हात न लावता, तीच दोन रेकॉर्डिंगं मिसळली तर बाकी आणखी निम्म्यावर आलेली. गुरुवारी आणखी खाली. शुक्रवारी तिच्यात यंत्रांची स्वतःची सूं सूंसुद्धा राहिली नव्हती. ती प्रत्येक वायरीत असते, आणि कुणी काहीही केलं तरी थोडी उरतेच. धाकट्यानं वायरी बदलल्या, संगणक बदलला. मीटरचा काटा तळाशी पडून राहिला.

"अरे, मग आनंद कर की," बाई म्हणाल्या. "इतका हुबेहूब ठसा जगात कुणी काढला नसेल."

धाकटा हसला. पण एकाच रेकॉर्डिंगची बाकी रोज बदलते कशी, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनिवारी संध्याकाळी दादानं एका सभागृहात पेडल लावून वाजवलं. धाकटा शेवटच्या रांगेत होता. आवाज आला आणि त्याच्या अंगावर काटा आला. खोकाच होता तो, त्याची ती जाडी, ती धार, मधेच गुरकावणं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. दादाही हात वर करून टाळ्या वाजवत होता. त्या गजरात दादाची टाळी वेगळी ऐकू येत नाही, हे धाकट्याला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

रविवारी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, एक गंमत सांगू? ह्यांनी मला आज दोनदा दचकवलं. मागे येऊन उभे राहिले, आणि मला पत्ताच नाही. एकदा तर पातेलंच पडलं हातातून."

"दादा? गुपचूप?"

"तेच तर! पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, चप्पल बदलली का? तर तीच." ती हसली, आणि मग म्हणाली, "खोका पण बिघडलाय वाटतं. येऊन बघा ना."

धाकटा मीटर घेऊन गेला. चारही स्पीकर ठणठणीत होते. दादानं तार छेडली तर पुढचं कापड थरथरत होतं, लाकडाला हात लावला तर कंप लागत होता. आवाज मात्र शेजारच्या घरातून यावा इतकाच येत होता. दादा काहीतरी बोलला. धाकट्याला "काय?" म्हणावं लागलं. दादा दोन हात अंतरावर उभा होता आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"घसा बसलाय त्यांचा," वहिनी पटकन म्हणाली.

बुधवारपर्यंत तेवढाही आवाज राहिला नाही. दादा बोलायचा आणि दोघं त्याच्या ओठांकडे बघायची. न समजलं तर तो कागदावर लिहून दाखवायचा. अजून त्याची थट्टा सुटली नव्हती. 'खालचे विचारत होते, घर सोडून गेला का,' असं त्यानं लिहिलं. वहिनी ते वाचून हसली आणि आत जाऊन रडली. धाकट्यानं त्याला टेबलावर मूठ आपटायला सांगितलं. दादानं आपटली. पेला उडून कलंडला आणि त्याचा टणत्कार झाला. मुठीचा झाला नाही.

दुपारी डॉक्टर आले. घशात बॅटरी मारून बघितलं, सगळं नीट होतं. मनगटाची नाडी बहात्तर, रक्तदाब उत्तम. मग त्यांनी स्टेथोस्कोप छातीला लावला. जरा सरकवला. पुन्हा सरकवला. कानातून काढून त्यावर टिचकी मारली, आणि स्वतःच्या छातीला लावून बघितला.

"चालतोय," ते म्हणाले.

त्यांनी तो परत दादाच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसेच राहिले. दुसऱ्या हाताची बोटं दादाच्या मनगटावर होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. "उद्या मोठ्या इस्पितळात दाखवू," एवढंच ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

धाकटा तिथून थेट ऑफिसात पोचला, तर बाई त्याच्याच टेबलाशी बसलेल्या.

"तुझ्या भावाची फाइल पेडलमध्ये मावेना म्हणून उघडली," त्या म्हणाल्या. "किती लांब आहे बघ."

सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी असायला हवी होती. पडद्यावर आकडा होता अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

"नोंदीत काल सहा मिनिटं दिसतायत. खराब झालीये. काढून टाकते, तू नवा ठसा घे." बाईंनी माउसवर हात ठेवला.

धाकट्यानं त्यांचं मनगट धरलं. सहा वर्षांत तो बाईंशी कधी आवाज चढवूनही बोलला नव्हता. बाई त्याच्या तोंडाकडे बघत हळूच उठल्या आणि बाहेर निघून गेल्या.

त्यानं हेडफोन चढवले.

आधी खोकला होता. मंगळवारचा, दणकून खोकलेला. मग टाळ्या, एकाच माणसाच्या. जिन्यावर चप्पल. खाकरणं. "अगं, चहा!" मग दादाचं ते गडगडाटी हसू. "काय रे फूटपट्टी, झालं का तुझं?" "अगं, मीठ टाकलंस की समुद्राला परत दिलंस?" पुढे टेबलावर मूठ आदळली. पेल्याचा आवाज नव्हता. नुसती मूठ.

या सगळ्याखाली, अगदी खालच्या सुरात, काहीतरी संथपणे ठोकत होतं. धाकट्यानं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बहात्तर.

तो बसला होता तेवढ्यात फाइल तीन सेकंदांनी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाऐवजी त्यानं दादाला तळघरात आणलं. खोकाही आणला. वहिनी हट्टानं बरोबर आली आणि काचेमागे धाकट्याच्या शेजारी उभी राहिली. जसं घेतलं तसंच परत द्यायचं, एवढं एकच त्याला सुचत होतं. दादा स्टुलावर बसला, पाठ लाकडाला टेकली. त्यानं कागद वर धरला. 'दोन डेसिबल इकडे तिकडे झाले तरी चालतील रे.'

धाकट्याचे डोळे भरून आले. त्यानं फाइल खोक्यातून सोडली.

फाइल संपेपर्यंत कापड थरथरत राहिलं.

खोलीतल्या माइकला काहीच ऐकू आलं नाही.

दादा ताठ बसला होता. शेवटी शेवटी त्याचे हात स्टुलाच्या कडेला घट्ट आवळले गेले.

मग पडद्यावरचा आकडा परत आपल्या जागी आला. सेकंदाचा पाचवा हिस्सा.

माइकमधून खोकला ऐकू आला. दणदणीत, काटा उडवणारा.

"काय रे फूटपट्टी, झालं का तुझं?"

वहिनी दार ढकलून आत धावली. तिनं दादाला मिठी मारली, मग त्याच्या खांद्यावर चापट मारली, मग पुन्हा मिठी मारली. दादा हसला, तेच गडगडाटी हसू. त्याचा चेहरा तिच्या खांद्याआड होता. धाकटा खुर्चीत कोसळला आणि पोरासारखा रडला. डॉक्टरांनी संध्याकाळी छाती तपासली आणि दोन कप चहा प्याले.

तीन दिवसांनी वहिनीनं धाकट्याला जेवायला बोलावलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. जिन्यावर चप्पल वाजली, खाकरणं ऐकू आलं, "अगं, चहा!" दारातून आत आला आणि त्याच्यामागून दादा आला. वहिनीचा चेहरा उजळला. "आता मला कसलीही कटकट चालेल," ती धाकट्याला म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

दादा समोर बसला. तो वाळला होता. ताटाला त्यानं हात लावला नाही. तो धाकट्याकडे एकटक बघत होता.

"अगं, मीठ टाकलंस की समुद्राला परत दिलंस?"

"बरं बाई, देते!" ओट्याकडे तोंड करूनच वहिनी हसली.

धाकट्याचा घास हातातच राहिला. वाक्य पुरं होऊन गेलं होतं, आणि दादाचे ओठ मिटलेले होते. आताही मिटलेलेच होते, पांढरे पडेपर्यंत घट्ट.

दादानं मान हलवली. नाही, नाही, अशी. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काय रे फूटपट्टी, झालं का तुझं?"

दादानं हळूहळू दोन्ही तळवे उचलले आणि एकावर एक ठेवून तोंडावर दाबले.

मग ते हसू सुरू झालं. वहिनीही त्यात हसू लागली.

तोंडावर एक तळवा आला तरी आवाजाची धार मरते, दोन आले तर निम्मा आवाज आतच राहतो. हे धाकट्यानं किती वेळा मोजलं होतं. तो श्वास रोखून ऐकत राहिला. दादा सगळी ताकद लावून तोंड दाबत होता, आणि हसू एका डेसिबलनंही कमी झालं नव्हतं.